प्रोटॉनच्या स्पिनमध्ये क्वार्कांचा वाटा किती? मोजणीची कृती, आकड्यांसह

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला कणभौतिकी शिकवताना मला दरवर्षी एकच प्रश्न विचारला जातो : ज्या मोजणीसाठी शेकडो मीटर लांबीचे झोत आणि निरपेक्ष शून्याजवळ थंड केलेले लक्ष्य लागते, ती मोजणी आम्ही येथे बसून समजून घ्यायची तरी कशी? त्याचे उत्तर असे, की मोजणीचा पहिला अर्धा भाग समजून घ्यावा लागतो आणि दुसरा अर्धा स्वतःच्या हाताने करता येतो. या प्रयोगांची आकडेवारी डरहॅम विद्यापीठातून चालणाऱ्या हेपडेटा या मुक्त संग्रहात तक्त्यांच्या रूपात ठेवलेली आहे, आणि त्या तक्त्यापासून अंतिम उत्तरापर्यंत जाण्यासाठी मोबाइलवरची स्प्रेडशीट पुरते. तक्ता एकदा उतरवून घेतला की पुढे रेंज नसली आणि वीज गेली तरी काम अडत नाही. आमच्याकडे हा मुद्दा किरकोळ नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्याभोवती फिरते. क्वार्कांचा, म्हणजे प्रोटॉनच्या आतल्या घटक कणांचा, वाटा थेट मोजला जात नाही. तो वजाबाकीतून येतो, ज्या दोन संख्यांची वजाबाकी होते त्या जवळजवळ सारख्या असतात, आणि उरलेल्या बारीक फरकाला शेवटी जवळपास दहाने गुणावे लागते. त्यामुळे ही मोजणी म्हणजे मुख्यतः चुकांचा हिशेब आहे.

नेमके काय मोजायचे

प्रोटॉनचा स्पिन, म्हणजे त्याच्या अंगचाच कोनीय संवेग, नेहमीच्या एककात ½ आहे. हा ½ कोठून येतो, तर चार ठिकाणांहून : क्वार्क व प्रतिक्वार्क यांचे स्वतःचे स्पिन, ग्लुऑनांचे (क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या कणांचे) स्पिन, क्वार्कांची कक्षीय गती आणि ग्लुऑनांची कक्षीय गती. यांपैकी पहिला वाटा ½ × डेल्टा-सिग्मा असा लिहितात. डेल्टा-सिग्मा म्हणजे प्रोटॉनच्या स्पिनच्या दिशेने स्पिन असलेले क्वार्क व प्रतिक्वार्क वजा विरुद्ध दिशेचे. सगळा स्पिन क्वार्कांच्याच स्पिनमधून येत असता, तर डेल्टा-सिग्मा १ आली असती.

ही बेरीज तीन जातींत विभागलेली आहे. अप क्वार्कांसाठी डेल्टा-यू, डाउनसाठी डेल्टा-डी आणि स्ट्रेंजसाठी डेल्टा-एस. तीन अज्ञात असल्यामुळे तीन समीकरणे हवीत, आणि त्यांपैकी दोन विखुरण्याच्या प्रयोगातून येतच नाहीत. न्यूट्रॉनच्या बीटा क्षयातून डेल्टा-यू वजा डेल्टा-डी मिळते. तिची किंमत १.२७५ असून ती फार अचूक आहे. प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या हायपेरॉन नावाच्या जड भावंडांच्या बीटा क्षयातून डेल्टा-यू + डेल्टा-डी − २ डेल्टा-एस मिळते. तिची प्रचलित किंमत ०.५८५ आहे, पण ती काढताना तिन्ही जाती सममित आहेत असे गृहीत धरलेले असते. या गृहीतकावर पेन्सिलने खूण करून ठेवावी, शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे. तिसरे समीकरण विखुरण्याच्या प्रयोगातून येते आणि लेखाचा बहुतेक भाग त्यासाठीच आहे.

पायरी पहिली : घटना ओळखणे

ध्रुवीकृत (स्पिन एका दिशेला लावलेला) म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, किंवा इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळतो, आभासी फोटॉनच्या मार्फत एका क्वार्कला धक्का देतो आणि स्वतः थोड्या कोनातून वळून बाहेर पडतो. आपण फक्त या बाहेर पडलेल्या कणाची ऊर्जा आणि कोन मोजतो. तेवढ्यावरून तीन राशी काढायच्या असतात; त्यांतला क्यू-वर्ग धक्का किती जोराचा होता ते सांगतो :

क्यू-वर्ग = ४ × (येणारी ऊर्जा) × (जाणारी ऊर्जा) × साइन-वर्ग (अर्धा कोन)

एक्स = क्यू-वर्ग ÷ (२ × प्रोटॉनचे वस्तुमान × ऊर्जेतील घट)

वाय = ऊर्जेतील घट ÷ येणारी ऊर्जा

एक उदाहरण हाताने करून पाहावे. सर्न येथील कॉम्पास प्रयोगात म्युऑनची ऊर्जा १६० जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) होती. समजा म्युऑन १०० जीईव्ही ऊर्जा घेऊन २० मिलिरेडियन कोनातून बाहेर पडला. अर्धा कोन १० मिलिरेडियन, त्याच्या साइनचा वर्ग ०.०००१, म्हणून क्यू-वर्ग ६.४ जीईव्ही-वर्ग येतो. ऊर्जेतील घट ६० जीईव्ही व प्रोटॉनचे वस्तुमान ०.९३८ जीईव्ही धरल्यास एक्स ०.०५७ येतो, आणि वाय ०.३७५. एक्सचा ढोबळ अर्थ असा, की धक्का बसलेला क्वार्क वेगाने धावणाऱ्या प्रोटॉनच्या संवेगाचा ५.७ टक्के भाग वाहत होता.

क्यू-वर्ग १ पेक्षा कमी असलेल्या घटना वगळतात, कारण तेथे आपण सुट्या क्वार्कला धक्का दिला असे म्हणता येत नाही. वाय फार लहान असल्यास मापन अचूक राहत नाही आणि फार मोठा असल्यास वाटेत फोटॉन बाहेर पडल्यामुळे होणाऱ्या दुरुस्त्या डोईजड होतात. म्हणून साधारण ०.१ ते ०.९ हा पट्टा ठेवतात.

पायरी दुसरी : असममिती मोजणे

येथे थोडे थांबावे लागेल. म्युऑनचा स्पिन आणि प्रोटॉनचा स्पिन विरुद्ध दिशांना असताना जास्त घटना घडतात आणि एकाच दिशेला असताना कमी. कारण आभासी फोटॉनचा स्पिन १ असतो, क्वार्कचा ½. फोटॉन शोषून क्वार्क पुन्हा ½ स्पिनचाच राहायचा असेल, तर त्याचा स्पिन आधी फोटॉनच्या विरुद्ध असावा लागतो. म्हणजे फोटॉनचा स्पिन आपल्याला ठाऊक असेल, तर घडलेली प्रत्येक घटना क्वार्कच्या स्पिनची दिशा सांगून जाते. घटनांच्या दोन मोजण्यांतील फरक भागिले त्यांची बेरीज, ही असममिती.

म्युऑनचा झोत ध्रुवीकृत करण्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. पायॉन नावाच्या अल्पायुषी कणाच्या क्षयातून जन्मणारे म्युऑन स्वभावतःच ध्रुवीकृत असतात आणि योग्य ऊर्जेचे निवडल्यास सुमारे ८० टक्के ध्रुवीकरण मिळते. हॅम्बुर्ग येथील हर्मिस प्रयोगात साठवण-कड्यात फिरणारे इलेक्ट्रॉन प्रारण सोडता सोडता हळूहळू आपोआप ध्रुवीकृत होत. लक्ष्य मात्र कष्टाचे काम आहे. घन अमोनिया २.५ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात ठेवून, एक केल्विनपेक्षाही खूप खाली थंड करून, सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने त्यातील हायड्रोजनचे प्रोटॉन एका दिशेला वळवतात आणि ते किती वळले हे चुंबकीय अनुनादाने मोजतात.

आता खरी अडचण. अपेक्षित फरक हजारात पाच इतकाच असतो, आणि शोधयंत्राच्या दोन भागांची घटना टिपण्याची क्षमता यापेक्षा कितीतरी जास्त वेगळी असते. गावच्या आठवडी बाजारात तराजूवर शंका आली, तर जुनी माणसे माल आणि वजने यांची पारडी बदलून पुन्हा तोलायला लावतात. दोन्ही तोलांतून तराजूचा खोट निघून जातो. येथे नेमके हेच करतात. लक्ष्याचे दोन कप्पे एकामागे एक ठेवतात, त्यांचे ध्रुवीकरण परस्परविरुद्ध ठेवतात, एकच झोत दोन्हींतून जाऊ देतात आणि ठरावीक काळाने दोन्ही कप्प्यांची दिशा उलटवतात.

सरावासाठी मी घेतलेले हे आकडे पाहावेत. पुढच्या कप्प्याची क्षमता मागच्याच्या १.२ पट आहे, पण हे आपल्याला माहीत नाही असे समजू. उलटवण्यापूर्वी पुढच्या कप्प्यातून १२,०६,००० आणि मागच्यातून ९,९५,००० घटना मिळाल्या. उलटवल्यानंतर पुढच्यातून ११,९४,००० आणि मागच्यातून १०,०५,०००. विद्यार्थी येथे पहिल्या जोडीवरूनच असममिती काढायला धावतात आणि ०.०९६ असे भलतेच उत्तर आणतात. त्याऐवजी दुहेरी गुणोत्तर घ्यावे :

(१२,०६,००० × १०,०५,०००) ÷ (९,९५,००० × ११,९४,०००) = १.०२०२

असममिती लहान असते तेव्हा हे गुणोत्तर १ + ४ × असममिती इतके असते. म्हणून असममिती ०.००५. ती १.२ पट कोठेही आली नाही. झोताची तीव्रता दोन्ही वेळी वेगळी असती तरी तीही निघून गेली असती. ही युक्ती कोणत्या अटीवर उभी आहे हे मात्र लिहून ठेवावे : उलटवण्याच्या आधी आणि नंतर दोन कप्प्यांच्या क्षमतांचे गुणोत्तर बदलता कामा नये.

सांख्यिकीय अनिश्चितता १ भागिले एकूण घटनांचे वर्गमूळ. एकूण ४४ लाख घटना, म्हणून सुमारे ०.०००५. मोजणी झाली ०.००५० ± ०.०००५.

पायरी तिसरी : उतारा लावणे

कच्ची असममिती ही प्रोटॉनची असममिती नव्हे. आमच्याकडे जिनिंगला कापूस घातला, की त्यातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते आणि बाकीची सरकी; कापसाचा भाव ठरवताना हा रुईचा उतारा धरावाच लागतो. अमोनियाच्या रेणूत १७ न्यूक्लिऑन (प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून) असतात आणि त्यांपैकी हायड्रोजनचे ३ प्रोटॉनच कामाचे असतात. नायट्रोजनचे १४ जवळजवळ सगळे सरकीच. म्हणजे उतारा ३ भागिले १७, सुमारे ०.१८, कप्प्यातील हेलियम व इतर पदार्थ धरले की तो आणखी उतरतो. हर्मिसने येथेच वेगळी वाट धरली : साठवण-कड्यातच शुद्ध ध्रुवीकृत वायू सोडल्यामुळे त्यांचा उतारा जवळजवळ पूर्ण एक होता, मात्र वायू विरळ असल्याने लक्ष्यातले प्रोटॉन फार कमी.

शिवाय झोत पूर्ण ध्रुवीकृत नसतो, लक्ष्यही नसते, आणि म्युऑनचा स्पिन पूर्णपणे फोटॉनकडे जात नाही. हा शेवटचा गुणक असा काढतात :

गुणक = वाय × (२ − वाय) ÷ [वाय-वर्ग + २ × (१ − वाय) × (१ + आर)]

येथे आर म्हणजे गतीच्या दिशेने आणि तिला आडवे ध्रुवीकरण असलेल्या आभासी फोटॉनांच्या शोषणाचे गुणोत्तर. ते जुन्या, अध्रुवीकृत मोजण्यांतून घेतात. आपल्या उदाहरणात वाय ०.३७५ आणि आर ०.२ धरल्यास गुणक ०.३७ येतो.

आता सगळे एकत्र करावे. उतारा ०.१५, झोताचे ध्रुवीकरण ०.८, लक्ष्याचे ०.८५ आणि हा गुणक ०.३७, गुणाकार ०.०३८. कच्च्या ०.००५ ला याने भागल्यावर प्रोटॉनची असममिती, जिला ए-१ म्हणतात, ती ०.१३ मिळते आणि अनिश्चितताही त्याच प्रमाणात फुगून ०.०१३ होते. उलट बाजूने हिशेब करून पाहणेही उपयोगाचे आहे : या एका बिंदूवर ए-१ फक्त ०.०१ पर्यंत अचूक हवी असेल, तर सुमारे ७० लाख चांगल्या घटना लागतात. प्रयोग वर्षानुवर्षे का चालतात, याचा अंदाज येथे येतो.

या पायरीत एक सापळा आहे. घटना वाढवून सांख्यिकीय अनिश्चितता कमी करता येते, पण उतारा किंवा ध्रुवीकरण पाच टक्क्यांनी चुकीचे असेल, तर सर्व बिंदू एकत्रच पाच टक्क्यांनी वर किंवा खाली सरकतात आणि कितीही घटना गोळा केल्या तरी ते सुधारत नाही. तक्त्यात या दोन अनिश्चितता वेगळ्या स्तंभांत दिलेल्या असतात. त्या शेवटपर्यंत वेगळ्याच ठेवाव्यात.

पायरी चौथी : असममितीपासून जी-१ पर्यंत

ही पायरी लहान आहे. स्पिनविषयक संरचना-फलन जी-१ साठी :

जी-१ = ए-१ × एफ-२ ÷ [२ × एक्स × (१ + आर)]

एफ-२ हे अध्रुवीकृत संरचना-फलन असून ते अनेक प्रयोगांनी फार नीट मोजलेले आहे. आपल्या बिंदूवर ते ०.४२ धरल्यास जी-१ सुमारे ०.४१ येते. यात जी-२ नावाचे दुसरे फलन वगळले आहे. या ऊर्जेला ते चालते.

प्रत्येक एक्सवर क्यू-वर्ग वेगळा असतो, पण संकलन, म्हणजे सर्व एक्सवरची जी-१ ची बेरीज, एकाच क्यू-वर्गावर करायचे असते. ए-१ क्यू-वर्गाबरोबर फारच थोडी बदलते. म्हणून ए-१ तीच ठेवून एफ-२ आणि आर मात्र ठरवलेल्या क्यू-वर्गाचे घ्यावेत, म्हणजे सर्व बिंदू एका पातळीवर येतात.

पायरी पाचवी : संकलन आणि धुरे

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक एक्स-पट्ट्याची रुंदी गुणिले जी-१ असा स्तंभ करावा आणि त्याची बेरीज घ्यावी. पट्टे लॉगरिदमी पद्धतीने आखलेले असल्यामुळे त्यांच्या रुंदी फार वेगवेगळ्या असतात. रुंदी न गुणता नुसती जी-१ ची बेरीज करणे ही माझ्या वर्गात सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

बेरीज मात्र मोजलेल्या पट्ट्यापुरतीच असते. शेताच्या मोजणीत मधल्या जमिनीवरून कधी तंटा होत नाही, वाद होतो तो धुऱ्यावर. येथेही तसेच आहे. एक्स १ च्या बाजूचा धुरा निरुपद्रवी आहे, कारण तेथे जी-१ झपाट्याने शून्याकडे जाते. शून्याच्या बाजूचा धुरा खरा कटकटीचा. १९८८ मध्ये निकाल देणाऱ्या युरोपियन म्युऑन सहयोगाचा (सर्नमधील आधीच्या प्रयोगाचा) पट्टा एक्स ०.०१ पर्यंत होता; कॉम्पासने तो ०.००४ पर्यंत आणि नंतर त्याखालीही नेला. त्यापलीकडे जी-१ कसे वागते हे गृहीत धरावे लागते, आणि प्रोटॉनसाठी ते तेथे वाढते आहे.

यातून सुटण्याची एक चांगली वाट म्हणजे ड्यूटेरॉन, जड हायड्रोजनचे केंद्रक. त्यात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असल्यामुळे डेल्टा-यू वजा डेल्टा-डी ही जोडी कापली जाते, आणि हर्मिसला असे आढळले, की एक्स ०.०४ च्या खाली ड्यूटेरॉनचे संकलन जवळजवळ वाढतच नाही. म्हणून क्वार्कांच्या वाट्यासाठी प्रोटॉनपेक्षा ड्यूटेरॉनची आकडेवारी घ्यावी, असा माझा आग्रह असतो, जरी नाव प्रोटॉनचे असले तरी.

पायरी सहावी : वजाबाकी

संपूर्ण संकलनाला गॅमा म्हणतात. प्रोटॉनसाठी सूत्र असे :

गॅमा = सी × [१.२७५ ÷ १२ + ०.५८५ ÷ ३६ + डेल्टा-सिग्मा ÷ ९]

सी हा प्रबल अन्योन्यक्रियेचा दुरुस्ती-गुणक असून पहिल्या पायरीवर तो १ − (आल्फा-एस ÷ पाय) इतका असतो; आल्फा-एस म्हणजे त्या अन्योन्यक्रियेची ताकद दाखवणारी संख्या. नेमक्या हिशेबात दोन्ही भागांसाठी थोडे वेगळे गुणक असतात आणि पुढची पदेही येतात. सरावासाठी एवढे पुरते.

प्रथम १९८९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झालेला युरोपियन म्युऑन सहयोगाचा आकडा घेऊ : गॅमा ०.१२६ ± ०.०१० ± ०.०१५, सरासरी क्यू-वर्ग १०.७. कंसातील पहिली दोन पदे ०.१०६३ आणि ०.०१६३, बेरीज ०.१२२५. आल्फा-एस ०.२५ धरल्यास सी ०.९२, गुणाकार ०.११२७. आता ०.१२६ मधून ०.११२७ वजा केल्यावर उरले ०.०१३३. याला ०.९२ ने भागून ९ ने गुणले, की डेल्टा-सिग्मा ०.१३.

आता अनिश्चितता. ०.०१० आणि ०.०१५ यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ०.०१८. तिला त्याच ९ भागिले ०.९२, म्हणजे ९.८ ने गुणल्यावर ०.१८. उत्तर ०.१३ ± ०.१८. स्वतः सहयोगाने ०.१२ ± ०.०९ ± ०.१४ असा आकडा दिला होता, म्हणजे आपला कागदावरचा हिशेब बरोबर वाटेवर आहे. स्ट्रेंज क्वार्कांचा वाटा शून्य मानणाऱ्या १९७४ च्या एलिस–जाफे नियमाप्रमाणे गॅमा ०.१८९ असायला हवा होता. तो इतका कमी आला आणि क्वार्कांचा वाटा शून्याशी सुसंगत निघाला, म्हणूनच या निकालाला ‘स्पिनचे संकट’ म्हटले गेले.

याच ठिकाणी एक प्रयोग करावा : सी विसरून १ ठेवून पाहावे. डेल्टा-सिग्मा ०.०३ येते. आठ टक्क्यांच्या एका दुरुस्तीने उत्तर चौपट बदलते. मूळ संख्या आणि वजा होणारी संख्या इतक्या जवळ असल्या, की असेच होते. एक क्विंटलच्या पोत्यातून ९० किलो वजा करून उरलेल्या मालाचा भाव ठरवायचा असेल, तर काट्यातली किलोभराची चूकही दहा टक्क्यांची होते.

आता ड्यूटेरॉन. हर्मिसने २००७ मध्ये क्यू-वर्ग ५ ला दर न्यूक्लिऑनमागे ०.०४३६ हे संकलन दिले. ड्यूटेरॉनमध्ये सुमारे पाच टक्के वेळा दोन्ही कणांची कक्षीय गती वेगळ्या अवस्थेत असते, त्यासाठी ०.९२५ ने भागावे लागते : ०.०४७१. आल्फा-एस ०.२९ धरून सी ०.९०८, भागाकार ०.०५१९. यातून फक्त ०.५८५ ÷ ३६, म्हणजे ०.०१६३ वजा करायचे आहेत. उरले ०.०३५७, गुणिले ९, डेल्टा-सिग्मा ०.३२. हर्मिसचे वरच्या पदांसह काढलेले उत्तर ०.३३ आहे आणि त्याची एकत्रित अनिश्चितता सुमारे ०.०४. कॉम्पासचे निकालही याच आसपास आहेत. येथे वजाबाकीनंतर मूळच्या दोन-तृतीयांशाहून जास्त उरले हे लक्षात घ्यावे. ड्यूटेरॉनचा आग्रह का, ते यातून कळते.

पहिले उत्तर ०.१३ आणि दुसरे ०.३२, मग पहिला प्रयोग चुकला होता का? नाही. पहिल्याची अनिश्चितता ०.१८ आहे आणि दोहोंतील फरक ०.१९. एका अनिश्चिततेइतका फरक कोणालाही मान्य करावा लागतो.

पायरी सातवी : जाती वेगळ्या करणे

तीन समीकरणे हाती आहेत. डेल्टा-एस = (डेल्टा-सिग्मा − ०.५८५) ÷ ३. दुसऱ्या आकड्यावरून ते −०.०८८ येते. डेल्टा-यू आणि डेल्टा-डी यांची बेरीज ०.३२ + ०.०८८, म्हणजे ०.४१; त्यांची वजाबाकी १.२७५. म्हणून डेल्टा-यू ०.८४ आणि डेल्टा-डी −०.४३. अप क्वार्क प्रोटॉनच्या बाजूने, डाउन विरुद्ध, आणि स्ट्रेंजही किंचित विरुद्ध.

पुढे जाण्याआधी ब्यॉर्केन नियमाने पडताळणी करावी. प्रोटॉनचे संकलन वजा न्यूट्रॉनचे संकलन १.२७५ ÷ ६ गुणिले सी इतके यायला हवे. १९६६ मध्ये मांडलेला हा नियम क्वार्कांचा वाटा किती यावर अवलंबून नाही, त्यामुळे तो न जुळल्यास दोष आपल्या हिशेबात किंवा धुऱ्याच्या गृहीतकात शोधावा. कॉम्पासने तो साधारण नऊ-दहा टक्क्यांच्या अचूकतेने पडताळला आहे.

जाती ओळखण्याची दुसरी, स्वतंत्र वाटही आहे. विखुरलेल्या म्युऑनबरोबर बाहेर पडणारा पायॉन किंवा स्ट्रेंज क्वार्क असलेला केऑनही पकडायचा. ऋण केऑनमध्ये प्रति-अप आणि स्ट्रेंज असे दोन क्वार्क असतात, आणि दोन्ही प्रोटॉनच्या मूळ तीन क्वार्कांतले नाहीत. म्हणून तो दिसला, तर धक्का प्रोटॉनमधल्या क्वार्क-प्रतिक्वार्कांच्या गर्दीला बसल्याची शक्यता वाढते. याच वाटेने हर्मिस आणि कॉम्पास यांनी स्ट्रेंज क्वार्कांचे ध्रुवीकरण मोजलेल्या पट्ट्यात शून्याच्या आसपास आढळल्याचे सांगितले. प्रतिक्वार्कांसाठी अमेरिकेतील ब्रुकहेव्हन येथील ऱ्हिक कड्यात ध्रुवीकृत प्रोटॉन एकमेकांवर आदळवून डब्ल्यू बोसॉन मोजले गेले. तेथेच ग्लुऑनांच्या स्पिनचा वाटाही धन असल्याचे दिसले. म्युऑन फक्त विद्युतभारित कणांना धक्का देतो, म्हणून ग्लुऑन त्याला थेट दिसत नाहीत.

एक किंमत बदलून पाहणे

वरच्या दोन वाटांची उत्तरे जुळत नाहीत हे एव्हाना लक्षात आले असेल. वजाबाकीच्या वाटेने डेल्टा-एस −०.०९, केऑनच्या वाटेने जवळपास शून्य. येथे पेन्सिलची ती खूण आठवावी. ०.५८५ ही किंमत तिन्ही जाती सममित मानून आलेली आहे, आणि स्ट्रेंज क्वार्क इतर दोघांपेक्षा बराच जड असल्यामुळे ही सममिती पूर्ण असू शकत नाही.

म्हणून स्प्रेडशीटमध्ये ०.५८५ ही संख्या सूत्रांत ठिकठिकाणी न लिहिता एकाच चौकटीत ठेवावी आणि सर्व सूत्रे त्या चौकटीशी जोडावीत. मग तिथे २० टक्क्यांनी कमी, म्हणजे ०.४६८ भरावे. ड्यूटेरॉनच्या आकड्यातून आता ०.०१३० वजा होईल, डेल्टा-सिग्मा ०.३५ येईल आणि डेल्टा-एस −०.०३९. एकूण वाटा ०.३२ वरून ०.३५ झाला, म्हणजे मोजणीच्या अनिश्चिततेतच राहिला. स्ट्रेंजचा वाटा मात्र निम्म्याहून खाली आला. दोन वाटांतील उरलेला फरक एक्सच्या न मोजलेल्या धुऱ्याकडे लपलेला असू शकतो किंवा केऑनच्या विश्लेषणात गृहीत धरलेल्या फलनांत. दोन्ही शक्यता तपासायच्या, तर त्याच तक्त्यात एक नवा स्तंभ काढून एक्स ०.००४ च्या खाली जी-१ स्थिर, वाढते आणि ऋण होत जाणारे अशी तीन गृहीतके क्रमाने भरावीत आणि प्रत्येक वेळी खालच्या ओळीतील डेल्टा-एस वहीत उतरवून घ्यावी.